विमानाचे वस्त्र

'कापड बेतणे' हा आपल्या भाषेतील एक अर्थगर्भ शब्दप्रयोग आहे. शिंपी अंगाचे माप घेतो, कापड पसरतो, खडूने रेघा ओढतो आणि कात्री हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबतो. त्या थांबण्यालाच बेतणे म्हणतात. मनातल्या योजनेलाही आपण 'बेत' म्हणतो. आधी नीट मोजावे आणि मगच कापावे, हे शहाणपण त्या एका शब्दात सामावलेले आहे. लग्नाची पंगत असो, घराचा चौथरा असो वा पाल्याचे शिक्षण असो, अदमास चुकला की कुटुंबाची काय ओढाताण होते, हे वाचकांना मी सांगायला नको. मला मात्र या अदमासाचा खरा अर्थ एका अगदी अनपेक्षित ठिकाणी उमगला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील एका शेतकऱ्याचे कोठार, आणि बेतायचे होते ते एका विमानाचे वस्त्र.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, विस्कॉन्सिन राज्यातील एका ग्रामीण धर्मग्रामात मी बदली धर्मगुरू म्हणून राहिलो होतो. मक्याची अफाट शेते, दुभत्या गाईंचे गोठे आणि लाल रंगाची उंच कोठारे असा तो प्रदेश. याच राज्यात ऑशकोश नावाचे शहर आहे. हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे काही मित्रांसह स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकोशला भरू लागला. जुलैअखेरीस हजारो लहानमोठी विमाने तेथे उतरतात आणि त्यांतील कितीतरी विमाने मालकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली असतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार, विमानाच्या घडणीतील अर्ध्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी शिकण्यासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असेल, तर त्या विमानाला 'प्रायोगिक' वर्गात उड्डाणाची परवानगी मिळू शकते. त्यामुळे त्या परिसरात एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात ट्रॅक्टरशेजारी अर्धवट विमान उभे दिसले, तर कोणाला नवल वाटत नाही.

मला मात्र ते वाटले. धर्मग्रामातील एका वृद्ध दांपत्याने मला रविवारी जेवायला बोलावले होते. जेवण आटोपल्यावर आजोबा म्हणाले, "फादर, माझा लाकडी पक्षी पाहायला येता का?" कोठाराचे दार सरकले आणि समोर एक सांगाडा दिसला. स्प्रूस लाकडाच्या बारीक पट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यांत चिकटवलेले प्लायवूडचे तुकडे आणि ओळीने उभ्या फासळ्या. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर बांधणीस घेतलेल्या होडीचा सांगाडा मी लहानपणापासून पाहिला आहे. हा त्याचाच सडपातळ भाऊ वाटला.

ते 'पीटेनपोल एअर कॅम्पर' होते. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यातील बर्नार्ड पीटेनपोल या स्वशिक्षित कारागिराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे दोन आसनांचे विमान रचले आणि त्याला चक्क फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन बसवले. सामान्य माणसाला परवडेल असे लाकूड, मोटारीच्या भंगारातून मिळेल असे इंजिन आणि घरी शिवता येईल असे कापड, ही त्यामागची दृष्टी. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे नकाशे एका लोकप्रिय नियतकालिकाने प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून आजतागायत लोक ते विमान बांधत आले आहेत. पंखाची लांबी सुमारे २९ फूट, रुंदी ५ फूट आणि इंजिनाची शक्ती जेमतेम ४० अश्वशक्ती. आजोबांचे सुताराचे काम नऊ वर्षे चालले होते. आता सांगाड्याला कापड चढवायचे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी करायची होती. मला हिशेबाची आवड आहे हे जेवताना बोलण्यात आलेच होते. "तुम्ही वही धरा, मी माप सांगतो," असे म्हणून त्यांनी माझ्या हाती पेन्सिल दिली. पुढील सहा आठवडे सवड मिळेल तेव्हा माझी पावले त्या कोठाराकडे वळू लागली.

विमानाला कापड हे ऐकून वाचकांना कदाचित हसू येईल. परंतु राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे पंख साध्या मलमलीसारख्या सुती कापडाचे होते आणि त्यावर रंगाचा लेपही नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात तागाचे कापड आले आणि ते ताणून घट्ट करण्यासाठी 'डोप' नावाचा सेल्युलोजयुक्त लेप आला. त्या लेपाचा इतिहास सुखाचा नाही. एक प्रकार ठिणगीने भडकणारा होता, तर दुसऱ्यातील विषारी द्रावकाच्या वाफांनी इंग्लंडमधील कारखान्यांत काम करणाऱ्यांची यकृते निकामी झाली. त्यात काहींचे प्राण गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. आजच्या हौशी कारागिरांच्या हाती बहुधा पॉलिएस्टरचे कापड असते. कॅलिफोर्नियाच्या रे स्टिट्स यांनी पॉलिएस्टरसाठी लेपांची जी पद्धत तयार केली, ती आज 'पॉली-फायबर' या नावाने ओळखली जाते. आजोबांनी तीच निवडली होती. द्रावकाच्या वाफा तिच्यातही आहेतच. म्हणूनच यादीतील पहिली नोंद कापडाची नव्हती. ती होती चांगल्या प्रतीच्या श्वसन-मुखवट्याची आणि कोठारात हवा खेळवणाऱ्या पंख्याची.

मग आम्ही मापे घेतली. पंखाचे क्षेत्रफळ वरून पाहता सुमारे १४० चौरस फूट. पण पंखाला वरची व खालची अशा दोन बाजू असतात, शिवाय वरची बाजू कमानदार असते. म्हणून दोन्ही मिळून २९० चौरस फूट धरले. शेपटीचे आडवे व उभे भाग दोन्ही बाजूंनी मिळून ७० चौरस फूट. धडाच्या दोन कुशी, तळ आणि पाठ मिळून ८०. एकूण ४४० चौरस फूट. कापडाचा पन्हा ७० इंच, म्हणजे एक वार लांबीत साडेसतरा चौरस फूट कापड येते. भागाकार केला तर उत्तर आले २५ वार. मी समाधानाने रेघ ओढली.

आजोबांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून वहीकडे पाहिले. त्या गावातील स्त्रियांसोबत गोधड्या शिवणाऱ्या. ठिगळाठिगळांची भूमिती त्यांच्या बोटांत मुरलेली. त्या म्हणाल्या, "फादर, हे कापडाचे क्षेत्रफळ झाले. पण कापड क्षेत्रफळाने कापत नाहीत, तुकड्यांनी कापतात." मग त्यांनी तपकिरी कागदाचा एक ताव पसरला, त्यावर कापडाचा पन्हा प्रमाणात आखला आणि विमानाचा प्रत्येक भाग कागदातून कापून त्यावर मांडायला सुरुवात केली.

तेव्हा खरा हिशेब कळला. पंख ५ फूट, म्हणजे ६० इंच रुंद. कापड ७० इंच. म्हणजे पंखाच्या लांबीच्या दिशेने एकच पट्टा पसरला की कमान धरूनही वरची संपूर्ण बाजू झाकते आणि कडा दुमडायला थोडेसे उरते. पुढच्या काठावर वरचे व खालचे कापड किमान दोन इंच एकमेकांवर चढले पाहिजे, कारण हवेचा मारा तेथेच सर्वांत जोरात असतो. मात्र उरलेली ती अरुंद किनार दुसऱ्या कोणत्याही भागाला पुरत नाही. वरची व खालची बाजू मिळून ६० फूट, म्हणजे २० वार. धडाच्या दोन्ही कुशी शेजारीशेजारी ठेवून साडेपाच वार, तळ व पाठ मिळून आणखी साडेपाच, शेपटीला ७. एकूण ३८ वार. क्षेत्रफळ सांगत होते २५, आणि कात्री सांगत होती ३८. मधले १३ वार विमानावर दिसणार नाहीत, पण त्यांच्यावाचून विमान पूर्णही होणार नाही. आजीबाईंनी मग शेपटीचे तुकडे उलटसुलट फिरवले, पाठीचा एक भाग तळाच्या निमुळत्या कडेत बसवला आणि तीन वार वाचवले. ३५ वार कापड आणि कापताना काही बिघडले तर हाताशी असावे म्हणून दोन वार अधिक, असे ३७ वार ठरले.

कापडानंतर पट्ट्या आणि दोरा. पंखाला ३० फासळ्या होत्या. प्रत्येक फासळीशी कापड मेणाच्या दोऱ्याने टाके घालून बांधावे लागते. नाहीतर पंखावरच्या कमी दाबामुळे ते फुग्यासारखे वर उचलले जाईल. विमानाचा वेग जितका अधिक, तितके टाके जवळ; आणि पंख्याचा झोत जेथे आदळतो तेथे तर आणखीच जवळ. त्या टाक्यांवरून कापडाची पट्टी चिकटवायची. ३० फासळ्या, प्रत्येकी ५ फूट, दोन्ही बाजूंनी: ३०० फूट, म्हणजे नुसत्या फासळ्यांनाच १०० वार पट्टी. सर्व कडा, शेपूट व धड यांना जवळजवळ तितकीच आणखी. हे सर्व चढवण्याआधी इस्त्रीने कापड आवळून घ्यायचे असते. पॉलिएस्टरला उष्णता दिली की ते आकसते. प्रथम साधारण २२५ अंश फॅरनहाइटला, आणि शेवटी ३५० अंशांना ते नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताठ होते. त्यापलीकडे गेले की उलट सैल पडू लागते. म्हणून इस्त्रीच्या चकतीवरील आकड्यांवर न विसंबता तापमापकाने तिची पारख करायची. यादीत तापमापकही आला.

आता रंग. येथे हिशेबाने वेगळेच वळण घेतले. रंगाच्या डब्यात असते त्यातील बराचसा भाग द्रावक. तो हवेत उडून जातो. उरतो तो घनभाग, आणि विमान वाहून नेते ते फक्त तेवढेच. तेव्हा एकाच वस्तूचे दोन अदमास करावे लागतात: विकत किती घ्यायचे आणि अंगावर किती उरणार.

दुसऱ्यापासून सुरुवात केली. ४४० चौरस फुटांवर इंचाच्या हजाराव्या भागाइतका कोरडा थर चढला, तर त्याचे घनफळ एक लिटरहून किंचित अधिक भरते. वजन सुमारे तीन पौंड. माणसाचा केस साधारण अशा तीन थरांइतका जाड असतो, यावरून वाचकांनी कल्पना करावी. सगळे लेप मिळून असे पाच हजारांश इंच धरले तर वजन १५ पौंड. मग पहिला प्रश्न सोडवला. डब्यात घनभाग चौथा हिस्सा आहे असे मानले, तर एक लिटर कोरड्या थरासाठी चार लिटर रंग कापडावर पोहोचला पाहिजे. स्प्रे गनमधून उडालेल्या रंगापैकी निम्मा हवेतच विरतो असे धरले, तर आठ लिटर ओतावा लागेल. म्हणजे अमेरिकन मापाने सव्वादोन गॅलनांच्या आसपास. पाच थरांना ११ गॅलन. पहिला लेप कुंचल्याने द्यायचा असल्यामुळे त्यात नासाडी कमी, म्हणून दहा गॅलनही पुरतील. गंमत पाहा: दुकानातून ऐंशी पौंडांच्या आसपास भरतील इतके डबे उचलून आणायचे आणि त्यांतले अवघे १५ पौंड विमानावर राहणार. बाकीचे सारे आकाशाला आणि कोठाराच्या भिंतींना.

कापडाचे वजन त्यामानाने नगण्य होते. चौरस वाराला २.७ औंसाचे मध्यम कापड. ४४० चौरस फुटांना सव्वाआठ पौंड. पट्ट्या, दोरा आणि चिकटद्रव्याला आणखी तीन. सगळे मिळून वस्त्राचे वजन २६ पौंड झाले. मी हा आकडा लिहून पान उलटणार, इतक्यात आजोबा म्हणाले, "आता खरे गणित मांडा."

ते गणित असे होते. कापडाविना विमान इंजिनासकट ६२५ पौंड. वस्त्र धरून ६५१. त्यांनी मान्य केलेली कमाल मर्यादा १०८० पौंड. म्हणजे माणसे व इंधन यांना उरले ४२९. आजोबा कपड्यांसकट १८५. सोळा गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंडांप्रमाणे ९६. शिल्लक १४८. आणि आजीबाईंचे वजन, त्यांनी स्वतः हसत हसत सांगितल्याप्रमाणे, १४२.

सहा पौंड! रंगाचे दोन थर. केसापेक्षा पातळ अशा दोन थरांवर पुढची आसनजागा भरणार की रिकामी राहणार, हे ठरणार होते. तेव्हा मला उमगले की नऊ वर्षे हा मनुष्य विमान बांधत नव्हता. तो आपल्या पत्नीसाठी एक आसन बांधत होता. त्या वर्षांत तिने किती संध्याकाळी एकट्याने काढल्या असतील, त्याचे मोजमाप वहीत नव्हते.

वाचकांपैकी एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल, यात एवढे काय? अशी वाट त्या कोठारातही निघाली. मदतीला येणारा एक तरुण शेजारी म्हणाला, "घरी बांधलेल्या विमानाची कमाल मर्यादा बांधणाराच लिहितो ना? मग १०८० ऐवजी ११०० लिहा." त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. आजोबांनी इंजिनाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "त्याला वाचता येत नाही." ४० अश्वशक्तीचे इंजिन कागदावरचा आकडा पाहून जोर लावत नाही, आणि लाकडाची तुळईही सही पाहून भार पेलत नाही. दुसरी वाट इंधन कमी भरण्याची होती. ती योग्यच होती, आणि छोट्या फेरीसाठी ते तसे करणारही होते. परंतु "इंधन म्हणजे विचार करायला मिळणारा वेळ," असे त्यांचे म्हणणे. तो वेळ पहिल्याच दिवशी गहाण टाकून विमान घडवायला त्यांचे मन घेईना.

मग कात्री लागली ती रंगाला. आजोबांना लहानपणापासून पिवळ्या विमानाची ओढ होती. पण पिवळा रंग झाकणारा नव्हे. खालचा चंदेरी लेप त्यातून डोकावतो. म्हणून आधी पांढरा आणि मग पिवळा द्यावा लागतो. त्याचा हिशेब दीड हजारांश इंच, साडेचार पौंड झाला. गडद निळा मात्र पातळ थरातच झाकतो. दोघेही वहीकडे पाहत बराच वेळ गप्प राहिले. नंतर आजीबाई म्हणाल्या, "निळाच घेऊ. आकाशात तसेही कोण पाहणार आहे?" आजोबांनी सुचवले की निदान शेपटीचे सुकाणू तरी पिवळे करू. पण त्यावरही काट मारावी लागली. या विमानाचा कल मुळातच शेपटीकडे जड होण्याचा. टोकावरचा एक पौंड तोलायचा तर नाकाकडे, पंखाच्या जवळ, त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन टांगावे लागते. शेवटी धडाच्या पुढील भागावर, जेथे प्रवासी चढतो तेथे, हातभर लांबीची एक पिवळी रेघ मंजूर झाली.

येथवर ऐकून असे वाटेल की अदमास करणे म्हणजे काटकसर करणे. तसे ते नाही. त्या तरुणाने आणखी एक सूचना केली होती: चंदेरी लेपाचा एक हात कमी द्यावा, म्हणजे दोन-तीन पौंड सहज वाचतील. आजोबांनी ती ठामपणे नाकारली. पॉलिएस्टरचा खरा वैरी वारा नव्हे, ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याचे धागे आतून दुबळे करतात, आणि वरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. चंदेरी लेपातील ॲल्युमिनियमचे बारीक कण ते किरण अडवतात. तो लेप पुरेसा झाला की नाही हे पाहण्याची परीक्षा साधी आहे: अंधारात कापडाच्या एका बाजूला दिवा धरायचा आणि दुसऱ्या बाजूने पाहायचे. उजेड झिरपताना दिसला तर अजून एक हात हवा. एका रात्री कोठारातले दिवे मालवून मी दिवा धरला आणि आजोबा पंखाच्या दुसऱ्या बाजूने इंच इंच पाहत गेले. दोन ठिकाणी फिकट उजेड दिसला. तेथे त्यांनी खडूने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यावरच लेप दिला. कोठे वाचवायचे आणि कोठे वाचवायचे नाही, हे त्या दोन खुणांनी मला जितके स्पष्ट सांगितले तितके कोणत्याही प्रवचनाने सांगितले नसेल. रंगाची हौस कमी करता येते. उन्हापासूनचे रक्षण कमी करता येत नाही.

ऑगस्टअखेर मी परतलो तेव्हा निळा रंग द्यायचा राहिला होता. नाताळच्या सुमारास पत्र आले. तीन चाकांखाली तीन तराजू ठेवून विमान तोलले होते: ६५३ पौंड. आमच्या अदमासापेक्षा दोन पौंड अधिक. चार अजून शिल्लक. रुपेरी रंगाचा अर्धा गॅलन आणि सव्वा वार कापड उरले होते, असेही लिहिले होते. पण आजीबाईंना लगेच बसता आले नाही. अशा विमानाला परीक्षेचा काळ असतो. मोटारीचे इंजिन असलेल्या त्यांच्या विमानातून ४० तास उड्डाण झाल्याखेरीज प्रवासी नेता येणार नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात आलेल्या पत्रात एकच छायाचित्र होते. पुढच्या आसनात चामडी टोपी घातलेल्या आजीबाई, आणि त्यांच्या कोपराशी ती पिवळी रेघ.

हे सारे मी आमच्या धर्मग्रामातील तरुणांना सांगितले तेव्हा एकाने विचारले, "फादर, आपल्याकडे असे कोणी करते का?" करते. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोंदणी व परवानगीसाठी दीर्घ काळ झगडल्यावर २०२० साली त्याची चाचणी उड्डाणे धुळे येथे झाली. ते विमान धातूचे. त्याला कापडाचा हिशेब नाही. पण गच्चीची लांबी-रुंदी पाहून पंखांचा बेत करणारा मनुष्य आणि ७० इंची पन्ह्यावर पंख मांडणारी ती वृद्धा यांची जात एकच, असे मला वाटते. स्वप्न मोठे असले तरी दोघांनीही आधी मोजपट्टी हाती घेतली.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही प्रभूने सांगितलेली गोष्ट आपण अनेकदा ऐकतो आणि ती पैशांपुरती समजतो. त्या कोठारातील वहीने मला तिची दुसरी बाजू दाखवली. किती मिळवायचे हा हिशेब आपण सारेच करतो. घर बांधताना, मुलीचे लग्न ठरवताना, सणासुदीला. आपल्या अंगावर किती चढवायचे, हा हिशेब मात्र क्वचितच करतो. डबे ऐंशी पौंडांचे असोत. उचलायचे असतात पंधराच. आणि त्या पंधरांतला प्रत्येक अनावश्यक थर कोणाच्या तरी जागेतून वजा होत असतो. बहुधा जो सर्वांत जवळ बसणार असतो, त्याच्याच. म्हणून 'मला किती हवे' या प्रश्नाशेजारी त्या आजोबांप्रमाणे आणखी एक ओळ लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी: 'शेजारच्या आसनासाठी किती उरले?' उत्तर सहा पौंड असले तरी चालेल. मात्र ते कापड कापण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.